आपण गावाला, हळद्या घरी: मांजर मागे ठेवून जाताना

नाशिकचं लग्न उरकून चार दिवसांनी सांगलीला परत आलो. कुलूप उघडलं आणि मी आधी वाटी बघितली. लख्ख होती. शेजारच्या आजी फोनवर म्हणाल्याच होत्या, "अगं, चाटूनपुसून खातोय तुझा बोका, काळजी कसली करतेस?" पण हळद्या काही दिसेना. अर्ध्या तासानं तो माळ्यावर गाद्यांच्या मागं सापडला. पोट खपाटीला गेलेलं, अंगाला धूळ, आवाजसुद्धा नीट फुटत नव्हता. वाटी चाटणारा वेगळाच होता. बाथरूमच्या खिडकीची एक काचपट्टी निसटली होती आणि तिथून गल्लीतला एकडोळ्या बोका रोज सकाळी हजेरी लावून जात होता. आजींनी चारही दिवस न चुकता वाटी भरली, त्यांना बोल लावायला जागा नाही. मीच त्यांना "वाटी भरा" सांगितलं होतं, "हळद्या दिसतोय का बघा" असं सांगितलंच नव्हतं.

(हळद्या हे नाव का, ते सांगलीकरांना सांगायला नको. बोका पिवळाधमक आहे.)

त्यानंतर आम्ही बऱ्याचदा गावाला गेलो आणि दर खेपेला काहीतरी शिकत गेलो. पहिल्यांदाच मांजर पाळलंय आणि मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जायचंय, अशा लोकांसाठी हे लिहिते आहे. मांजराला खायला घालणारा माणूस पटकन मिळतो. आपल्याला त्याच्याकडे बघणारा माणूस हवा असतो. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी दिवस मोजा

धडधाकट, मोठं मांजर एक रात्र घरात एकटं राहू शकतं. आज सकाळी निघालात आणि उद्या सकाळी परत आलात, तर पाणी, खाणं आणि शू-शीचा स्वच्छ ट्रे एवढ्यावर भागतं. २४ तास ही माझी हद्द आहे. त्यापुढं रोज कुणीतरी घरी आलंच पाहिजे, शक्यतो दोनदा. आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर घरी मुक्कामालाच कुणी मिळालं तर फार बरं. सहा महिन्यांखालचं पिल्लू, म्हातारं मांजर किंवा औषध चालू असलेलं मांजर असेल तर एका रात्रीचीसुद्धा सूट नाही.

परातभर खाणं, बादलीभर पाणी ठेवून पाच दिवस कुलूप लावून जाणारे लोक मी पाहिलेत. मांजर आहे, त्याचं ते बघून घेईल, असा हिशेब असतो. ते जाऊ दे म्हणण्यासारखं नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्नपाणी न देणं आणि उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत सोडून देणं हे दोन्ही गुन्हे म्हणून मोजले आहेत.

वेळ लावला की आपोआप खाणं टाकणारी यंत्रं आता ऑनलाइन मिळतात. माझ्याकडेही आहे. माणूस सोबतीला असेल तर ते उपयोगाचं. पण त्यात दाणे अडकतात, लाइट जाते, आणि मुख्य म्हणजे खाल्लं कुणी हे त्याला कळत नाही. आमच्या एकडोळ्याची त्यानं आनंदानं सोय केली असती.

मांजर हलवावं का?

कुत्रं माणसाला धरून राहतं, मांजर घराला, असं जुनी माणसं म्हणतात. ते बरोबर आहे. मांजर दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासत फिरतं ना, तो निव्वळ लाड नसतो. गालातल्या ग्रंथींमधून स्वतःचा वास ते जागोजागी लावून ठेवतं आणि त्या वासाच्या घरात त्याला निर्धास्त वाटतं. त्याला उचलून भावाच्या फ्लॅटवर नेलं की हा सगळा नकाशा पुसला जातो. मग ते दोन दिवस कपाटाखाली बसतं, नाहीतर दार उघडं सापडल्याबरोबर आपलं घर शोधायला निघतं. कुपवाडला ठेवलेलं मांजर विश्रामबागेच्या दिशेनं निघालं तर मधले रस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून पहिली पसंती आपल्याच घराला. घरात काम काढलंय, घर पुराच्या पट्ट्यात आहे, किंवा दिवसातून तीनदा औषध द्यायचंय, एवढीच कारणं असतील तर हलवा. हलवलंच तर तिथं पहिले दोन-तीन दिवस एकाच खोलीत ठेवा. सोबत त्याची रोजची चादर न धुता द्या आणि जुन्या ट्रेमधली ओंजळभर वापरलेली माती नव्या ट्रेमध्ये घाला. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण शू कुठं करायची हा प्रश्न त्यानं पहिल्या रात्रीच सुटतो.

पैसे देऊन ठेवायची सोय सांगली-मिरजेत शोधलीत तर बहुतेक जागा मुळात कुत्र्यांसाठी निघतात. मांजर "तेही ठेवतो" म्हणून. फोनवर न ठरवता जाऊन बघा. कुत्र्यांचं भुंकणं मांजरांच्या खोलीपर्यंत येतं का, दोन घरची मांजरं एका पिंजऱ्यात ठेवतात का, बाहेरच्या दाराला आणखी एक आतलं दार आहे का. आणि ते स्वतःहून लसीकरणाचं कार्ड मागतात का. कार्ड न मागणारी जागा कितीही चकाचक असली तरी माघारी फिरा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फरशीवर, भांड्यावर, कापडावर महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकून राहतो. आधीच्या आठवड्यात तिथं कोण राहून गेलंय हे तुम्हाला कळणार नसतं.

लस आणि ऑपरेशन आधीच उरका

आपल्याकडे डॉक्टर ज्याला ट्रायकॅट म्हणतात ती तीन आजारांवरची लस पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा देतात. रेबीजची साधारण बारा आठवड्यांनंतर. लस टोचल्या दिवशी संरक्षण मिळत नाही, म्हणून मांजर बाहेर ठेवायचं असेल तर शेवटचा डोस आणि प्रवास यात निदान दोन आठवडे ठेवा. ज्यांचं मांजर घरीच राहणार आहे त्यांनीही रेबीजचं पुढं ढकलू नये. नवख्या माणसाला नख लागण्याची, चावण्याची शक्यता आपण नसताना जास्त असते आणि त्यानं आपल्यावर उपकारच केलेले असतात.

मांजरीचं ऑपरेशन झालेलं नसेल आणि नेमकी तुम्ही नसताना ती माजावर आली, तर रात्रभर ओरडून वाडा डोक्यावर घेईल आणि दार उघडताच पळेल. परत आल्यावर नऊ आठवड्यांनी पिल्लं. बोका असेल तर पडद्यांवर शूचे फवारे.

माणूस कोण?

इथं सर्वात जास्त वेळ घालवा. नातेवाईक, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशी, कॉलेजची मुलं, यातलं कुणीही चालतं. फक्त त्याला मांजराची किळस किंवा भीती नको. "हो हो, बघतो की" म्हणणाऱ्या माणसाला एकदा घरी बोलवा आणि मांजर जवळ आल्यावर तो पाय वर घेतो का ते बघा.

शेजाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट संकोचामुळं कुणी बोलत नाही. आपल्या सांगलीत जैन आणि इतर शाकाहारी घरं भरपूर. शेजारच्या काकू प्रेमापोटी हो म्हणतात, आणि मग त्यांना कळतं की मांजराला सुकट शिजवून द्यायची आहे. तोंडावर नाही म्हणवत नाही आणि हात लावायला जीव होत नाही. तयार दाण्यांमध्येही कोंबडी नाहीतर मासळीच असते, ते पाकिटावर छापलेलं असतं. आधीच स्पष्ट सांगा. आमच्या समोरच्या काकूंनी मला सांगितलं, "मी मांजराशी खेळेन, पाणी भरेन, फोटो पाठवेन, पण त्या वाटीला हात लावणार नाही." अशी वाटणी झाली तर उत्तमच आहे. वाटी दुसऱ्याकडे द्या, बघायचं काम काकूंकडे.

घरात कुणी गरोदर असेल तर त्या बाईंना ट्रे साफ करायला लावू नका. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा, पोटातल्या बाळाला घातक ठरणारा परजीवी पसरू शकतो. तो बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत संसर्गाजोगा होतो, म्हणून इतरांनीही ट्रे रोजच्या रोज काढणं आणि हात साबणानं धुणं हाच खरा उपाय. त्यासाठी घाबरून मांजर सोडून द्यायची गरज नाही.

आमची सोय शेवटी लागली ती विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून. त्याच्या गावी घरी पाच मांजरं, इथं एकही नाही, त्यामुळं तो आमच्या हळद्यासाठी आसुसलेलाच होता. मी त्याला रोजचे दीडशे रुपये देते आणि वायफायचा पासवर्ड. सुरुवातीला तो पैसे नको म्हणाला. मी म्हटलं, पैसे घेतलेस तर मला तुला हक्कानं विचारता येईल. फुकटच्या माणसाला "ट्रे काढलास का?" असं तिसऱ्यांदा विचारता येत नाही. परीक्षेच्या तारखा मात्र त्याला आधी विचारा. सबमिशनच्या आठवड्यात मुलं स्वतःच जेवत नाहीत.

आणि दुसरा माणूस. पहिल्याला ताप आला, गावी कुणी गेलं, गाडी बंद पडली, तर किल्ली कुणाकडे? दुसरी किल्ली दुसऱ्या घरात ठेवा, आणि दोघांना एकमेकांचा नंबर द्या. दोघांची तोंडओळखही करून द्या.

तालीम

निघायच्या दहा-पंधरा दिवस आधी त्या माणसाला दोन-तीनदा बोलवा. पहिल्यांदा नुसता चहा. मांजराला उचलून त्याच्या मांडीत देऊ नका. त्याला स्वतःहून येऊ दे, पायाचा वास घेऊ दे. दुसऱ्यांदा वाटी त्याच्या हातानं भरायला लावा. तिसऱ्यांदा तुम्ही घरात थांबूच नका. तासभर बाहेर जा आणि त्याला किल्लीनं दार उघडून सगळं एकट्यानं करू दे. कुलूप कसं अडकतं, आतली कडी कशी लागते, मीटर कुठं आहे, हे त्या तासात बाहेर येतं. आमच्या दाराचं कुलूप किल्ली अर्धी बाहेर ओढून फिरवल्याशिवाय उघडत नाही. वीस वर्षांच्या सवयीमुळं आम्हाला ते आता जाणवतही नाही. तो मुलगा पहिल्यांदा दहा मिनिटं दाराशी झटत होता.

फ्रिजवरची चिठ्ठी

तोंडी सांगितलेलं निम्मं विसरतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं वर सरकून जातं. कागदावर लिहा, मोठ्या अक्षरात, आणि फ्रिजवर लावा. माझी चिठ्ठी आहे तशी देते:

*हळद्या. बोका, वय ६, ऑपरेशन झालंय. वजन ४ किलो ६०० ग्रॅम.*

*आत आलास की आधी दार लाव, मग चप्पल काढ.*

*आधी त्याला शोध. डोळ्यांनी दिसल्याशिवाय वाटी भरू नको. लपायच्या जागा: माळ्यावर गाद्यांमागं, आमच्या पलंगाखाली भिंतीकडचा कोपरा, धुण्याच्या मशीनमागं. ओढून काढू नकोस. पुडीचा आवाज कर, येतो.*

*सकाळी आणि संध्याकाळी एकेक पुडी. पुडीवर तारीख आहे. आधीचं किती उरलं ते वहीत लिही: सगळं, अर्धं, शिवलंच नाही.*

*पाणी तीन ठिकाणी आहे. रोज ओतून नवीन भर. दूध देऊ नको, मागितलं तरी.*

*ट्रे: मातीचे गोळे मोज. शूचे रोज दोन ते चार, शी एकदा. शून्य असेल तर लगेच फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी.*

*रोज एक फोटो. तोंड दिसलं पाहिजे.*

*जाताना: बाथरूमची खिडकी, गॅलरीचं दार, कपाटं. तो कपाटात नाही ना, हे बघून कपाट लाव.*

*डॉक्टरांचा नंबर खाली. पैशांची काळजी करू नको, मी देते, आधी घेऊन जा.*

शेवटची ओळ विसरू नका. विद्यार्थी काय किंवा शेजारी काय, दुसऱ्याच्या मांजरावर खर्च करायला माणूस बिचकतो आणि त्यात एक अख्खा दिवस जातो. डॉक्टरांनाही आधी फोन करून ठेवा, की अमुक तारखा मी नाही, हा मुलगा मांजर घेऊन आला तर उपचार करा. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच पशुवैद्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो, त्यामुळं मांजरं नेहमी कोण बघतं आणि रविवारी कोण असतं, हे गरज पडायच्या आधी विचारून घ्या. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल-फ्री नंबर आहे. तोही चिठ्ठीवर असू दे.

खाणं आणि माती

खाणं अचानक बदलू नका. दूध-भात, सुकट असं घरचं खाणाऱ्या मांजराला दुसऱ्या कुणी रोज शिजवून घालणं अवघड, म्हणून दाण्यांवर आणायचं असेल तर दीड-दोन आठवडे आधीपासून थोडं थोडं मिसळत जा. दूध-भातावर मांजराचं पोषण होत नाही, हे यानिमित्तानं सांगून टाकते. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतही नाही, आणि टॉरिन नावाचा घटक त्यांना मांस-मासळीतूनच मिळतो. तो नसेल तर डोळे आणि हृदय बिघडतं. खारवलेली सुकट नुसती देऊ नका, त्यात मीठ फार.

दाणे पाकिटावर दिलेल्या वजनाच्या तक्त्याप्रमाणे मोजून, वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून, तारखा घालून डब्यात ठेवते. डबा घट्ट झाकणाचा, पावसाळ्यात दाणे मऊ पडतात आणि मुंग्या तर बारमाही. ओलं खाणं उन्हाळ्यात तासा-दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही, चाळिशीला टेकलेल्या पाऱ्यात ते आंबतंच.

पाणी किती पितो यावर लक्ष हवं. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. नुसत्या दाण्यांवर असेल तर जवळजवळ सगळं वाटीतून. वाट्या खाण्यापासून लांब ठेवा, पसरट ठेवा.

ट्रेसाठी बाजारची गोळे धरणारी माती नसेल तर पुष्कळ घरी वखारीतला भुसा किंवा नदीची वाळू वापरतात. चालतं, पण त्यात गोळे मोजता येत नाहीत. तुम्ही नसताना निदान तेवढे दिवस गोळे धरणारी माती आणा. मांजरं दोन असतील तर ट्रे तीन.

घराची झडती

माझ्या त्या काचपट्ट्यांच्या खिडकीला आता आतून तारेची जाळी आहे. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजर नखानं फाडतं, तिच्या भरवशावर गॅलरी उघडी ठेवू नका. शिवणाचा दोरा, सुई, रबर बँड, गणपतीच्या मखराची चमकी, माळांच्या तारा, हे सगळं उचला. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय पर्याय राहत नाही. कपाटांतल्या डांबरगोळ्या, उंदराचं औषध बाहेर काढा. फुलदाणीत लिलीची फुलं असतील तर ती कुणालातरी देऊन टाका. खऱ्या लिलीच्या पाकळ्या, पानं, फुलदाणीतलं पाणी, अगदी अंगावर पडलेला परागसुद्धा चाटला तरी मांजराची किडनी जाते.

आणि फिनेल. घर बघायला येणारी मावशी चांगल्या मनानं ट्रेची जागा काळ्या फिनेलनं पुसून काढते. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला निपटत नाहीत. ओल्या फरशीवरून चालायचं आणि पाय चाटायचे, एवढ्यानं विषबाधा होऊ शकते. गरम पाणी आणि साधा साबण द्या आणि फिनेलची बाटली कपाटात कुलपात.

कधी पळायचं

सांभाळणाऱ्याला आजारांची यादी देऊ नका, तो घाबरेल किंवा वाचणार नाही. मी तीन गोष्टी सांगते.

पहिली, बोका ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, ओरडतोय, पण माती कोरडीच. लोकांना वाटतं पोट साफ होत नाही, आणि एरंडेल शोधतात. बहुतेकदा मूत्रमार्ग अडलेला असतो. बोक्याची नळी अरुंद, त्यामुळं हे त्यांच्यातच जास्त. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

दुसरी, २४ तास काही खाल्लं नाही. माणसानं एक दिवस उपास केला तर काही बिघडत नाही, मांजराचं बिघडतं. विशेषतः जाडं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृतच निकामी होऊ लागतं. नाशिकच्या खेपेला हळद्याला डॉक्टरांनी दोन दिवस सलाइन लावलं, ते याच भीतीनं.

तिसरी, तोंड उघडं टाकून धापा. कुत्रं धापा टाकतं, मांजर सहसा टाकत नाही.

घरातली गोळी कुठलीही द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन असलेलं औषधही तसंच. हे चिठ्ठीवर लाल शाईनं लिहा, कारण ताप आलाय असं वाटून प्रेमानं देणारेच जास्त.

पावसाळा असेल तर

जुलै-ऑगस्टमध्ये सांगली सोडणार असाल तर आणखी एक गणित करावं लागतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. दत्तनगर, कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, गावभाग या बाजूला राहणाऱ्यांना हे आकडे पाठ आहेत, पण इथं नव्यानं बदली होऊन आलेल्यांना नसतात.

अशा भागात घर असेल तर शेजाऱ्याच्या भरवशावर मांजर ठेवू नका. पाणी आलं की शेजारीही पोरंबाळं, कागदपत्रं घेऊन निघणार, आणि तुमच्या कुलपामागं मांजर राहणार. माणूस उंच भागातला बघा. मांजराची टोपली दाराजवळ उघडी ठेवा, आत चादर, निदान आठवडाभर आधीपासून, म्हणजे ती त्याच्या झोपायच्या जागेसारखी होते. ऐनवेळी मांजराला टोपलीत कोंबणं म्हणजे काय, ते ज्यांच्या हातांवर ओरखडे आहेत त्यांना विचारा. आणि कधी हलवायचं हा निर्णय सांभाळणाऱ्यावर सोडू नका, आकडा ठरवून द्या. आमच्या मावसबहिणीचं घर खालच्या भागात आहे. तिनं "३५ फूट झालं आणि चढतंच असेल तर घेऊन जा, मला विचारू नको" असं लिहून ठेवलंय. कोयनेचा विसर्ग, वारणेचं पाणी, याचे मेसेज दिवसभर फिरत असतात. फॉरवर्डवर न जाता पुलावरची पातळी बघायची.

दिवाळीत वेगळं. फटाक्यांच्या आवाजानं मांजर लपतं आणि दार उघडलं तर सैरावैरा पळतं. त्या चार रात्री सांभाळणारा अंधार पडायच्या आत येऊन जाऊ दे, आणि आतल्या एका खोलीत पंखा चालू ठेवून खिडक्या बंद.

निघताना, आल्यावर

बॅगा आदल्या रात्री भरून ठेवल्या की मांजराला सुगावा लागतो, ते बॅगेतच जाऊन बसतं. बसू दे. निघताना गळाभेटी, रडारड नको. वापरलेली एक ओढणी किंवा चादर त्याच्या जागेवर टाका आणि नेहमी कामाला जाता तसं निघा. कुलूप लावायच्या आधी मांजर घरात कुठं आहे हे डोळ्यांनी बघा. आम्ही एकदा मिरज स्टेशनवरून रिक्षानं परत आलो होतो, हळद्या कपड्यांच्या कपाटात बंद. गाडी चुकली ती चुकलीच.

परत आल्यावर मांजर पाठ फिरवून बसेल. मनाला लावून घेऊ नका, एक-दोन दिवसांत येतं. आधी ट्रे, वाटी आणि वही बघा, मग हातानं पाठ आणि पोट चाचपून वजन घटलंय का बघा. सांभाळणाऱ्याला पेढे नाहीतर गेल्या गावचं काहीतरी द्या, आणि चूक झाली असेल तर ती सांगायची मोकळीक द्या. "एक दिवस यायला जमलं नाही, काकू" हे त्यानं न घाबरता सांगितलं, तरच पुढच्या खेपेला तो तुमच्या कामाचा.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलाची वही मी जपून ठेवली आहे. मागच्या मे महिन्यातली नोंद अशी: "सकाळी ७.२०. हळद्या पलंगाखाली, दिसला. शू ३, शी १. अर्धं उरलं. एकडोळ्या खिडकीबाहेर बसून ओरडत होता, त्याला गेटबाहेर मूठभर घातलं, चालेल ना काकू?" तेव्हापासून चिठ्ठीत आणखी एक ओळ आहे, आणि डब्यात बिनतारखेच्या चार पुड्या जास्त असतात.